पाखरांसाठी पेरलेलं शेत

अंधेरीच्या कारखान्यातून फिटर म्हणून रिटायर झाल्यावर बेसिलने गोराईचं आपलं पडीक शेत पाखरांसाठी पेरायचं ठरवलं. त्याची बायको पेट्रिशिया एवढंच म्हणाली, "डोकं ठिकाणावर हाय ना तुझं?"

शेत वडिलांचं. वरचा तुकडा चांगल्या मातीचा, खालचा खाडीला लागून, भरतीचं खारं पाणी शिरणाऱ्या खाजणातला. वडील भात लावायचे तेव्हा बांधावरच्या शिंदीच्या झाडांना सुगरणींची घरटी लोंबायची. वडील गेले, भात थांबलं, घरटीही गेली. बेसिलचा हिशोब सरळ होता. दाणा टाकला की पाखरू येणार.

आलं ते कबुतर. खाडीपलीकडच्या टॉवरांवरून थवेच्या थवे उतरले आणि पेरलेली बाजरी उगवायच्या आत वेचून गेले. पुढच्या पावसाळ्यात त्याने बी मातीआड नीट झाकलं, वर गवत पसरलं. कणसं भरली, तर शेजारच्या धोंडूच्या म्हशी कुंपण मोडून आत घुसल्या. बेसिल तणतणत धोंडूकडे गेला, तर तोच उलटा अंगावर आला.

"तुझ्या कणसांपायी माझ्या वांग्यांत उंदीर झालेत! शेत हाय की खानावळ?"

त्या दिवशी बेसिल जेवला नाही. पेट्रिशियाने ताट झाकून ठेवलं आणि म्हणाली, "तुझ्या पप्पांनी पाखरांसाठी काय पेरलेलं? कायच नाय. भात लावलेलं. सुगरणीला नुसता दाणा पुरतो काय? घर विणायला पात नको?"

बेसिलला तिचा रागच आला, कारण हे त्याला स्वतःला सुचलं नव्हतं.

त्या वर्षी त्याने वरच्या तुकड्यात भात लावलं. पात हातभर झाली आणि पिवळ्या टोपीचे नर आले. पातीच्या कडेला चोच मारायची, झटका द्यायचा आणि लांब धागा घेऊन शिंदीकडे उडायचं. घरटी लोंबू लागली, काहींत अंडीही आली असावीत. बेसिल इतका खूश झाला की त्याने फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला. त्याच्या पुतण्याने, ॲश्टनने, तो फोटो जागेच्या नावासकट पुढे टाकला.

रविवारी कॅमेरेवाले आले. बांध त्यांच्या बुटांनी ढासळला, पाणी भातातून वाहून गेलं. एकाने तर पाखरांना जवळ बोलवायला मोबाईलवर सुगरणीचा आवाज लावला होता. बेसिल पोचला तेव्हा शिंदीच्या झावळ्या खाली पडल्या होत्या.

"कुणी तोडल्या या?"

"अंकल, दोन-तीनच होत्या. फ्रेममध्ये येत होत्या ना."

"अरे, आडोसा होता तो त्यांचा! आता कावळ्यांना सरळ दिसतंय सगळं. चला, निघा इथून!"

ते निघाले, पण जाताना हसत. आणि कावळ्यांना खरंच दिसलं. त्याच आठवड्यात घरटी फाडलेली सापडली आणि उरलेल्या सुगरणी उडून गेल्या.

ॲश्टन आला, मान खाली घालून. "सॉरी अंकल. पण लोक येतायत तर मचाण बांधू ना. तिकीट लावू, चहा-भजी ठेवू."

"तू आधी घरी जा," बेसिल म्हणाला. हातातला कोयता त्याने जमिनीवर आपटला.

पुढच्या वर्षी वरचा तुकडा त्याने तसाच सोडला. खालच्या खाजणात खारं पाणी सोसणारं भात लावलं. तिथेही चिखलाच्या मध्ये शिंदीची एक जाळी होती, पण तिथवर वाट नव्हती, म्हणजे कॅमेरेवालेही पोचणार नव्हते. लावणीला त्याच्या गुडघ्यांनी कशीबशी साथ दिली. मग ते असे सुजले की त्या मांडीभर चिखलात परत उतरणं शक्य नव्हतं.

श्रावणात जाळीतून किलबिल ऐकू येऊ लागली. बेसिल बांधाच्या टोकाला डोळे बारीक करून उभा राहायचा. भाताच्या पलीकडे नुसता हिरवा गोळा दिसायचा.

"सुगरणीच हायत काय गं?"

"आवाज येतोय ना?"

"आवाज कसला पण असतो!" तो खेकसला. "शेत माझं, मेहनत माझी, आणि मलाच बघायला मिळत नाय."

पेट्रिशियाने त्याला घरी चलायला सांगितलं. तो हलला नाही. तेवढ्यात ॲश्टनचा फोन आला. "अंकल, यंदा आली काय पाखरं?"

"नाय," बेसिल म्हणाला आणि त्याने फोन बंद करून खिशात टाकला.