डांबर संपतं तिथला नारळ

शारजात आमच्या वरच्या मजल्यावर राहणारे ते मालवणी गृहस्थ शुक्रवारी आम्हाला डोंगरात ट्रेकला न्यायचे. डांबरी रस्ता संपला की गाडी थांबवून दगडावर नारळ फोडायचे, खोबरं वाटायचे आणि म्हणायचे, "यल्ला, चला, आता काय काळजी नाय!"

एकदा पावसाने पुढचा कच्चा रस्ता अर्धा खचला होता. खाली दरी.

"परत फिरूया," मी म्हणालो.

"ट्रेल पलीकडे आसा." आपल्या बायकोसकट सगळ्यांना उतरवून त्यांनी एकट्यानेच गाडी पलीकडे नेली.

आम्ही चालत पोचलो, तर ते पाण्याची अख्खी बाटली घटाघटा रिकामी करत होते. दुसरी बाटली काढायला मी डिकी उघडली. आत आणखी एक नारळ.

"तो ठेव," काठी उचलून चालायला लागत ते म्हणाले, "परतताना लागतलो."