आत्याचा हक्क

सावद्यात सुनंदाबाईला कुणीही विचारावं, बाई, कशी आहेस, तर उत्तर एकच, "बरी." अंगात ताप असला तरी बरी, डोळ्यांखाली काळं पडलं असलं तरी बरी. सासू इंदिराबाई चारचौघींत सांगायची, माझी सून म्हणजे गाय आहे गाय. आता यात कौतुक किती आणि सोय किती, ते ज्याचं त्यानं ओळखावं. घरात पाहुणे असोत की केळीच्या बागेत मजूर, हिचं काम मुकाट चालू. आणि लोक मागायला जातात ते अशाच माणसाकडे.

प्रमिलाबाई मागायला आली ती सत्त्याण्णवच्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला. ही चुडामणची, म्हणजे सुनंदाबाईच्या नवऱ्याची थोरली बहीण, सोनगीरला दिलेली. लग्नाला तप उलटून गेलं तरी घरात पाळणा हलला नव्हता. देव झाले, धागे झाले, शेवटी नाशिकच्या एका डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं की गर्भाशय ठणठणीत आहे, पण बाईचं स्वतःचं बीज वेळेआधीच संपलंय. दुसऱ्या बाईचं स्त्रीबीज घ्यायचं, नवऱ्याच्या बीजाशी त्याची गाठ बाहेर काचेच्या भांड्यात घालायची आणि तयार झालेला गर्भ हिच्या पोटात सोडायचा. पुढे नऊ महिने वाढवायचं आणि जन्म द्यायचा तो हिनंच.

प्रमिलाबाईचा नवरा अभिमन लगेच म्हणाला होता, मग माझ्या बहिणीचं घ्या की, घरचंच रक्त राहील. डॉक्टरीणबाई त्याच्याकडे बघतच राहिल्या. भावाचं आणि बहिणीचं बीज एकत्र करायचं का, असं त्यांनी विचारलं, तेव्हा कुठे बिचाऱ्याच्या डोक्यात उजेड पडला आणि त्यानं मान खाली घातली. दवाखाना परकी बाई शोधून देत होता, तिचं नाव यांना कळणार नव्हतं आणि यांचं तिला. पण कुणाची कोण, हे प्रमिलाबाईच्या मनाला पटेना. तिला सख्खी बहीण नव्हती. राहिली भावजय, वयानं लहान, धडधाकट, पदरी एक मुलगा असलेली.

चुडामणनं बायकोला समजावलं ते बागाईतदाराच्या भाषेत. आपण नाही का दुसऱ्याच्या बागेतून कंद आणून लावत? घड आपलाच म्हणतो ना? सुनंदाबाई म्हणाली, "बरं."

सासूला सांगितलं, अक्काचं पोटाचं ऑपरेशन आहे, सोबतीला सुनंदा जातेय. नाशिकला दोघींना आधी गोळ्या सुरू झाल्या. दोघींच्या पाळीचा मेळ बसायला हवा, नाहीतर इकडे बीज तयार आणि तिकडे गर्भाशय तयार नाही, असं व्हायचं. मग सुनंदाबाईला रोज इंजेक्शन. एरवी महिन्याला एकच बीज पिकतं, इथे एकदम बरीच पिकवायची होती. एक दिवसाआड सोनोग्राफी. पोट फुगून टम्म झालं, लुगडं बसेना. नर्सनं विचारलं, त्रास होतोय का? ही म्हणाली, बरंय. शेवटी भूल देऊन सुईनं बीजं काढली. जाग आली तेव्हा नर्स खुशीत सांगत होती की चांगली निघाली, अन् पलीकडे प्रमिलाबाई आनंदानं रडत होती. सुनंदाबाईला पाणी हवं होतं. बाकी काही वाटलं नाही.

घरी निघण्याआधी प्रमिलाबाईनं तिच्याकडून कानबाई देवीची शपथ घेतली. चौघांपलीकडे पाचव्या कानाला कळता कामा नये.

पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला सोनगीरला मुलगा झाला. आजोबांचं नाव ठेवलं, रुपचंद. जो तो म्हणे, अगदी अभिमनवर गेलाय. सुनंदाबाईनं पाहिलं, कान तेवढे तिच्या वडिलांचे, पुढे आलेले. आता पोटात काहीतरी तुटेल, म्हणून ती पाळण्याशी जरा जास्तच वेळ बसून राहिली. कशाचं काय! पोळ्या लाटायला हाक आली, उठून गेली. आपल्याला काही वाटत कसं नाही, याचंच तिला कधीकधी भय वाटे, पण तेही फार वेळ नाही.

मग तिला स्वतःला दिवस गेले आणि मुलगी झाली. बारशाला सावद्याच्या घरात बाया मावेनात. पुरुष ओट्यावर होते. नाव ठेवायचा मान आत्याचा, म्हणून प्रमिलाबाई सोनगीरहून भल्या पहाटे निघून आली, कडेवर वर्ष उलटलेला रुपचंद. तिनं मुलीच्या कानात नाव सांगितलं, बायांनी रीतीप्रमाणे तिच्या पाठीत धपाटे घातले, हसणं-खिदळणं झालं. इथवर सगळं छान होतं.

तेवढ्यात प्रमिलाबाईनं पिशवीतून चांदीचे वाळे काढले, मुलीच्या पायांत घातले, कपाळाला कुंकू टेकवलं आणि सगळ्यांकडे बघून म्हणाली, "हाई मनी सून शे."

बाया खूश झाल्या. मामाची पोर आत्याच्या लेकाला, यात नवल ते काय? पिढ्यान् पिढ्या चालत आलेलं, आत्याचा हक्कच तो. इंदिराबाईला तर आभाळ ठेंगणं झालं, लेकीचं घर आणि लेकाचं घर पुन्हा जोडलं जाणार म्हणून. तिनं साखरेची वाटी सुनेपुढे धरली. मुलीच्या आईनं नणंदेच्या तोंडात साखर घातली की सोयरीक पक्की. आणि इंदिराबाईचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ, हे साऱ्या गावाला माहीत.

सुनंदाबाईनं प्रमिलाबाईकडे पाहिलं. तिला वाटलं, अक्का आता नजर चुकवेल, खूण करेल, वेळ मारून नेईल. पण अक्काचे डोळे स्वच्छ होते, नुसता आनंद. ती नाटक करत नव्हती. पोटात वाढवलं, कळा सोसल्या, दूध पाजलं, आणि या सगळ्यात नाशिक तिच्या मनातून पार पुसून गेलं होतं. सुनंदाबाई मात्र पुरती गारठली. एका बीजाची दोन लेकरं, एक पाळण्यात आणि एक जमिनीवर, आणि यांचं लग्न लावायचं? नाही म्हणावं, तर कारण काय द्यायचं? कारण सांगावं, तर शपथ जाते आणि त्या पोराचं उद्या गावात काय होईल? गप्प बसावं, तर ही साखर.

"घाल ना व," सासू म्हणाली.

रुपचंद प्रवासानं कावला होता, भुकेनं भोकाड पसरून बसला होता. सुनंदाबाईनं वाटी बाजूला सारली, त्याला उचलून मांडीवर घेतलं आणि सगळ्या बायांसमोर चोळी सोडून त्याला पाजायला घेतलं. ते पोर अजून अंगावर पीत होतं. त्याला काय, त्यानं तोंड लावलं आणि चुपचाप प्यायला लागलं.



शेजारची म्हातारी शेवंताबाई आधी बोलली. "आता कसलं लगीन? एका आईचं दूध प्याले. दूधभाऊ झाला तो तिचा."

मग जो गिल्ला उठला! इंदिराबाईनं कपाळावर हात मारून घेतला. बाळंतिणीचं डोकं फिरलं, चांगल्या कामात माती कालवली, गाय म्हणून डोक्यावर बसवली, असं काय काय ती बोलत सुटली. प्रमिलाबाई पोराला ओढून घ्यायला तरातरा पुढे आली. खाली वाकली आणि थांबली. पोराचे पुढे आलेले कान, त्याच्यावर झुकलेलं भावजयीचं तोंड, तसेच कान. तिचा रंगच उतरला. ती खाली बसली आणि सुनंदाबाईचा पदर ओढून तिनं पोरावर घातला.

"विसरले होते मी," ती कुजबुजली. "खरंच विसरले होते, सुनंदा."

पोराला दात आले होते, तो मध्येच चावला आणि सुनंदाबाईला दुखलं. आतवर दुखलं. नाशिकला दुखलं नव्हतं, ते सगळं आज दुखलं, आणि भर बायकांत तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. बाया म्हणाल्या, आता रडून काय उपयोग?

पोट भरल्यावर रुपचंदनं तोंड सोडलं, इकडे तिकडे पाहिलं आणि प्रमिलाबाईकडे हात पसरले. सुनंदाबाईनं पदरानं त्याचं तोंड पुसलं आणि त्याला त्याच्या आईकडे दिलं.