चांद्याचा रुपया

आमच्या घरात जुन्या नाण्यांचा संग्रह होता असं म्हटलं की लोकांना वाटतं, वडील हौशी असतील. वडील वैनगंगेत जाळं टाकायचे. काठावरच्या मार्कंड्याच्या देवळाची जत्रा उठली की गुडघाभर पाण्यात उतरून पायाच्या बोटांनी वाळू चाचपायचे. भाविकांनी नदीत टाकलेला पैसा असा बोटांना लागायचा. त्यातला चालणारा तेल-मिठाला जायचा. दुकानदार जो परत करायचा, तो दूध पावडरच्या एका डब्यात पडायचा. राजा-राणीचे रुपये, भोकाचे पैसे, झिजलेले तांब्याचे तुकडे. आजोबांच्या वेळचेही त्यात होते. बाजारात न चाललेला पैसा, एवढाच आमचा संग्रह. शाळेत पोरं मला ‘देवाचे पैसे चोरणारा’ म्हणायची. चंद्रपूरला नोकरी लागल्यावर मी त्या डब्याचं नाव कुणापुढे काढलं नाही.

गेल्या वर्षी वडील गेले. तेरवी झाली आणि मोठ्या भावाने डबा माझ्यापुढे ठेवला.

“घेऊन जाय चंद्रपूरले. कोणाले तरी दाखव. आपल्याले काय समजते त्यातलं?”

म्हणाला ‘आपल्याले’, पण मला समजतं असं तो धरूनच चालला होता. दवाखान्याची चिठ्ठी असो, तलाठ्याचा कागद असो, गावाबाहेरचं जे काही असेल ते माझ्यावर सोपवून तो मोकळा व्हायचा.

ऑफिसातल्या एकाने जुनी नाणी घेणाऱ्या व्यापाऱ्याचा पत्ता दिला. जिना चढून वर लहानशी खोली. त्याने डबा कापडावर ओतला आणि भराभर वेगळं करत गेला. चांदीचे रुपये वजनावर जातील, म्हणाला. तांब्याचं फारसं काही येणार नाही, पाण्याने खाल्लंय. मग एक लहान, जाड, वेडावाकडा, काळा पडलेला तुकडा त्याने चिमटीत धरला. त्यावर फारसी अक्षरं, तीही अर्धी कडेबाहेर गेलेली. भिंग लावून त्याने तो दोन्ही बाजूंनी फिरवून पाहिला.

“याला घासू नका हं. घरी चिंच-बिंच लावाल, तर कामातून जाईल. भोसल्यांच्या काळातला रुपया आहे, चांद्याच्या टाकसाळीचा. म्हणजे आपल्या चंद्रपूरचाच की.” मग त्याने किंमत सांगितली. मी पुन्हा विचारली. त्याने तीच सांगितली. बाकीचा सगळा डबा एकीकडे आणि तो एक तुकडा एकीकडे, असा हिशोब होता.

त्या रविवारी डबा घेऊन मी गावी गेलो. भाऊ म्हणाला, “पयले वाटे घालू. मंग विकाचं का ठेवाचं, ज्याचं त्यानं पाहावं.”

आमच्याकडे मासळीचे वाटे घालतात तसे त्याने सुपात नाण्यांचे दोन ढीग केले. वहिनी भिंतीकडे तोंड करून बसली. ढिगावर बोट ठेवून भाऊ विचारणार, हा कोणाचा, आणि ती न पाहता नाव घेणार. अशा वाटणीवर मागून कोणी भांडत नाही.

मी सांगायला तोंड उघडलं होतं, असं नंतर मी स्वतःला कितीदा तरी समजावलं. खरं म्हणजे उघडलं नव्हतं. तो रुपया माझ्या वाट्याला आला तर सांगायचं, मोठ्या मनाने सांगायचं, असं मनाशी ठरवलं होतं.

तो भावाच्या ढिगात गेला.

“तो बारका मला दे,” मी म्हणालो. “बदल्यात हा राणीचा घे.”

“शहरात राहून येडा झाला काय गा? चांदी देऊन चिल्लर घेते!”

“असू दे. बाबांच्या हातचा वाटतो.”

वहिनी आता वळून बसली होती. “सगळेच तं बाबाजींच्या हातचे हायेत, भाऊजी,” ती म्हणाली.

“तू गप वो.” भावाने तो तुकडा माझ्या तळहातावर ठेवला आणि राणीचा रुपया माझ्याकडेच सरकवला. “ठेव तो. लहान्या भावासंगं अदलाबदल करू काय?”

दोन्ही घेऊन मी परत आलो.

भावाने आपला वाटा चामोर्शीच्या सोनाराला वजनावर दिला आणि मासेमारीचा डोंगा दुरुस्त केला. फोनवर म्हणाला, “बरं झालं तुनं तो ठेवला. एक तं राह्यला आपल्यापाशी. बाकी सोनारानं गाळून टाकले असन.”

औषधाच्या पाकिटात घालून तो रुपया मी कपाटात ठेवला होता. व्यापाऱ्याचे फोन येत होते, गिऱ्हाईक थांबलंय म्हणून. दोनदा त्याच्या जिन्यापर्यंत जाऊन परतलो. विकावा, तर भाऊ एखाद्या दिवशी दाखव म्हणेल. विकू नये, तर घेतला कशाला? चोराला निदान माल विकता तरी येतो. बायकोलाही काही सांगितलं नव्हतं. घरातला मी अबोल माणूस. त्या अबोलपणाला सगळे सज्जनपणा समजत आले, आणि मीही समजू दिलं.

उन्हाळा लागताना एकदा गावी गेलो. भाऊ नदीकाठी जाळं सांधत बसला होता. शेजारी बसून मी सगळं सांगितलं, किमतीसकट.

त्याने वर पाहिलं नाही. “तवाच मालूम होतं तुले?”

“हो.”

“वाटे घालाच्या आंधी?”

“आधी.”

त्याने गाठ मारली, दाताने दोरा तोडला. त्याने शिवी द्यावी असं मला फार वाटत होतं.

“तुया वहिनीले सांगू नको,” तो म्हणाला. “ते त्याच दिवशी म्हणत होती, यात काई तरी हाय. म्या तिले नाई नाई ते बोललो.”

“पैसे सगळे तुझेच,” मी म्हणालो.

“ते पाहू दुकानात. मी येतो संगं.”

आणि तो आला. इस्त्रीचा शर्ट घालून व्यापाऱ्यापुढे खुर्चीच्या कडेवर बसला. मी बोलायला लागलो तसा त्याने हात आडवा केला.

“हाच भाव आंधी सांगतला होता काय जी, यायले?” त्याने माझ्याकडे बोट केलं.

“हो, हाच.”

“अन् बाकीच्या डब्याचं काय सांगतलं होतं?”

“वजनावर जाईल म्हटलं होतं.”

“दुसरा कोणता महागाचा होता काय त्यात?”

“नाही. हाच एक.”

व्यापाऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी टेबलाच्या काचेकडे पाहत राहिलो. पैसे आले तेव्हा भावाने ते स्वतः मोजले आणि अर्धे माझ्यापुढे धरले. मी नाही म्हणालो.

“घे,” तो म्हणाला. “तुया उपकार नाई पायजे मले.”

मी घेतले.

बसस्टँडवर चामोर्शीची गाडी कुठे लागते, ते मला माहीत होतं. मला न विचारता तो चौकशीच्या खिडकीपाशी जाऊन रांगेत उभा राहिला.