कोकमवाला आणि कौन्सिल

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आईला तर नाहीच, आणि खात्यात सांगण्याचा प्रश्नच नव्हता. एका माणसाला मी टेबलाच्या अलीकडे बसून, टेप चालू ठेवून प्रश्न विचारले, आणि त्या माणसाला मी आधीपासून ओळखत होतो. नियम अगदी साधा आहे. संशयित ओळखीचा निघाला तर वरिष्ठांना तसं सांगायचं आणि बाजूला व्हायचं. मी सांगितलं नाही.

ती केस कोर्टात गेली नाही, पेपरात आली नाही. माझ्या नोकरीत खून झाले, दरोडे झाले, त्यांतलं बरंचसं आता पुसट झालंय. ही मात्र जशीच्या तशी आठवते.

लंडनमध्ये बॉम्बस्फोट झाले तो उन्हाळा. मी लंडनच्या बाहेरच्या एका गावात डिटेक्टिव्ह सार्जंट होतो. गावाला लागून बिझनेस पार्क, तिथे आयटी कंपन्या, आणि त्यांत काम करायला पुण्या-नागपूरहून आलेली तरुण मंडळी. मी स्वतः लहानपणीच आईवडिलांबरोबर या देशात आलो. त्या दिवसांत आमच्या स्टेशनचा फोन सारखा वाजायचा. कुणाला बसमध्ये बेवारस पिशवी दिसायची, कुणाला शेजाऱ्याची दाढी वाढलेली दिसायची. बहुतेक फोन आम्ही नोंदवून सोडून द्यायचो.

हा फोन तसा नव्हता. बोलणारा एक निवृत्त इंग्रज गृहस्थ होता. खोटी खबर देणारा माणूस ठाम बोलतो, असा माझा अनुभव आहे. हे अडखळत बोलत होते. "कदाचित काही नसेलही," असं पुन्हा पुन्हा म्हणत होते. शेजारच्या घरात एक भारतीय कुटुंब आलंय, माणसं सभ्य आहेत. पण गॅरेजच्या खिडकीला आतून काळा कागद लावलाय. आत पिंपं, नळ्या, पांढऱ्या पुडीचे डबे. कसला तरी चोथा घरातला तरुण मागच्या कुंपणाशी टाकतो. शनिवारी माणसं पिशव्या घेऊन येतात. आणि आज सकाळी गॅरेजमध्ये धडाम आवाज झाला, काचा फुटल्या.

शेवटच्या वाक्याने सगळं बदललं. आमच्या माणसांनी जाऊन त्या तरुणाला ताब्यात घेतलं. घर सील केलं. त्याची बायको आणि लहान मुलगी शेजारच्या गल्लीत एका ओळखीच्यांकडे गेल्या. दोघी भारतातून येऊन फार दिवस झाले नव्हते. त्याचा व्हिसा नोकरीला बांधलेला होता. नोकरी गेली की तिघांचंही इथलं राहणं संपणार. हे आम्हाला पहिल्या तासातच कळलं होतं.

झडतीतून आलेल्या वस्तू स्टेशनच्या मागच्या खोलीत मांडल्या होत्या. मी दार उघडलं आणि वास आला. भिजवून शिजवलेल्या सातूचा, गोडसर, उबदार वास. माझी आई त्या वासाला गुरांचं आंबोण म्हणायची. "गॅरेजात गाय बांधलीस की काय रे?" असं ती मला विचारायची, कारण हाच वास माझ्या घरी दर महिन्याला यायचा.

मी घरी बिअर बनवायचो. या देशात त्याला परवाना लागत नाही. विकली तर गुन्हा, स्वतः प्यायली आणि मित्रांना पाजली तर काही नाही. खिडकीला काळा कागद कशाला, ते मला ठाऊक होतं. उजेड लागला की बिअर नासते. पांढरी पूड भांडी धुण्याची. चोथा म्हणजे सातूचा गाळ. आणि धडाम? बाटलीचं झाकण लावताना साखर जास्त पडली की आत गॅस कोंडतो आणि बाटली फुटते.

एक तरुण कॉन्स्टेबल म्हणालासुद्धा, "माझे वडील बिअर करायचे, तेव्हा आमच्याकडे असंच सगळं पसरलेलं असायचं."

आमचे इन्स्पेक्टर म्हणाले, "तुझे वडील खिडकीला काळा कागद लावायचे का?"

कॉन्स्टेबल गप्प झाला. मीही गप्प राहिलो. मग माझी नजर टेबलाच्या कोपऱ्यावर गेली. लंडनमधल्या ईलिंगच्या भारतीय दुकानातलं कोकमचं पाकीट. आणि हा माणूस कोण, ते मला कळलं.

आमचा एक क्लब होता, दोन गावं सोडून पलीकडे. एका निवृत्त हेडमिस्ट्रेसच्या स्वयंपाकघरात आम्ही जमायचो. आपापल्या बाटल्या आणायच्या, एकमेकांच्या चाखायच्या, रेसिपी द्यायच्या-घ्यायच्या. खऱ्या नावांची कुणाला गरज नव्हती. बाई काळी बिअर उत्तम करायच्या, तिला पोर्टर म्हणतात, म्हणून त्या पोर्टर. मी पोलिसात आहे हे तिथे सांगितलं नव्हतं. पोलीस म्हटलं की माणसं ग्लास खाली ठेवतात. "कौन्सिलमध्ये असतो," म्हणजे इथल्या नगरपालिकेत, असं म्हणालो होतो, म्हणून मी कौन्सिल.

हा तरुण तिथे पहिल्यांदा आला तेव्हा त्याच्या ग्लासातली बिअर गुलाबी होती. मी एक घोट घेतला आणि नकळत मराठीत म्हणालो, "कोकम घातलंस?"

"अहो! तुम्ही मराठी?" तो ओरडलाच. "आडनाव काय? गाव कुठलं?"

गाव सांगितलं, आडनाव टाळलं. तेव्हापासून तो कोकम झाला. गोऱ्या मंडळींना ते 'कोको' वाटायचं आणि तो दर वेळी न कंटाळता दुरुस्त करायचा. त्याने मला त्याच्या यीस्टचा गाळ बरणीत घालून दिला होता. "विरजण आहे हे, कौन्सिलकाका. जपा. आपल्यात विरजण मागून नेतात तसं मागत जा." ती बरणी माझ्या फ्रिजमध्ये होती. आणि मी त्याला बदल्यात माझी आल्याच्या बिअरची रेसिपी इंग्रजीत लिहून पाठवली होती.

त्याच रेसिपीची छापील प्रत आता इन्स्पेक्टरच्या हातात होती. कोकमच्या कॉम्प्युटरवर मिळालेली. त्यांनी मोठ्याने वाचली. "'बाटलीत साखर थोडी जास्तच टाक. घाबरू नकोस, झाकण घट्ट बसव.' खाली सही, कौन्सिल." मग म्हणाले, "टोपणनावं, बाटल्या, आणि सकाळी स्फोट. सूचना देणारा हा कौन्सिल आहे. मला हा माणूस हवा आहे. तू त्याच्याच भागातला आहेस, चल माझ्याबरोबर आत."

बोलायचं असेल तर ती वेळ होती. दार बंद होतं, खोलीत आम्ही दोघंच होतो. 'सर, कौन्सिल मीच' इतकं म्हटलं असतं तर तासाभरात सगळे घरी गेले असते. माझ्या जागी गोरा सार्जंट असता तर त्याने हसत हसत सांगितलं असतं आणि सगळे हसले असते. मला ते हसत सांगता येईल असं वाटलं नाही. त्या उन्हाळ्यात माझ्याकडे बघणाऱ्या नजरा बदलल्या होत्या, आणि इन्स्पेक्टरच्या जागेसाठी माझी मुलाखत व्हायची होती. हे कारण खरं आहे. पुरेसं नाही.

मी आत गेलो. त्याने मान वर केली, मला पाहिलं. त्याचे ओठ हलले. मग त्याने माझ्या गळ्यातलं ओळखपत्र पाहिलं, आणि खाली टेबलाकडे बघत बसला.

सुरुवातीची उत्तरं त्याने भराभर दिली. बिअर आहे, छंद आहे, हवं तर पिऊन बघा. त्याच्या शेजारी बसलेल्या वकील बाईही तेच सांगत होत्या. इन्स्पेक्टरांना त्यात रस नव्हता. त्यांनी मला खूण केली.

"कौन्सिल कोण?" मी विचारलं. टेपवर आहे ते. माझा आवाज अगदी सरळ आहे.

त्याने माझ्या ओळखपत्राकडे पुन्हा एकदा पाहिलं. मग म्हणाला, "त्यांचं खरं नाव मला माहीत नाही. काय काम करतात, तेही मला माहीत नव्हतं."

"बाकीची नावं?"

"नाही सांगणार. साध्या माणसांच्या दारात पोलीस कशाला?"

चौकशीच्या खोलीत गप्प बसणारा माणूस काहीतरी लपवतो, असं आम्हाला शिकवलेलं असतं. तो लपवतच होता. मला लपवत होता. त्या उत्तराची किंमत म्हणून त्याची ती रात्र कोठडीत गेली. त्याच्या कंपनीला आमच्या ऑफिसमधून चौकशीचा फोन गेला, आणि कंपनीने लगेच त्याचा ऑफिसात शिरण्याचा पास बंद केला.

त्या संध्याकाळी घरी जाऊन मी फ्रिजमधली बरणी सिंकमध्ये रिकामी केली. आई मागे उभी होती. "अरे, विरजण असं कोण ओततं मोरीत?" ती म्हणाली. मी नळ सोडला.

केस उलगडली ती आमच्या हुशारीने नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या हेडमिस्ट्रेसबाई स्टेशनवर आल्या. त्याच्या बायकोने त्यांना फोन केला होता. त्यांनी काउंटरवर बाटल्या एकामागोमाग एक ठेवल्या आणि इन्स्पेक्टरना वर्गातल्या मुलाला बोलवावं तसं बोलावून घेतलं.

"मी पोर्टर. त्याला बिअर करायला मी शिकवलं. माझं नाव, पत्ता लिहून घ्या. काळा कागदही मीच लावायला सांगितला. तुम्हाला अटक करायची असेल तर मी माझी औषधं बरोबर आणली आहेत."

काउंटरवरच्या सार्जंटने एक बाटली उघडून वास घेतला. "ड्यूटीवर नसतो तर..." एवढंच म्हणाला.

"आणि हा कौन्सिल?" इन्स्पेक्टरनी विचारलं.

बाईंची नजर त्यांच्या खांद्यावरून माझ्यापर्यंत आली. मी दारात उभा होतो.

"तो?" बाई म्हणाल्या. "त्याला साखरेचं प्रमाण कळत नाही. बाकी निरुपद्रवी आहे. नाव सांगणं हे त्याचं काम आहे, माझं नाही." जाताना माझ्याजवळ थांबल्या आणि हळूच म्हणाल्या, "काय मग, कौन्सिलचं काय मत पडलं?"

दुपारपर्यंत प्रयोगशाळेनेही पूड भांडी धुण्याचीच असल्याचं कळवलं. त्याला कुठलाही आरोप न ठेवता सोडलं. कोठडीच्या काउंटरवर तो बुटांच्या नाड्या ओवत बसला होता. कागदांवर सही करायला मी गेलो. आसपास कुणाला मराठी कळत नव्हती.

"फुटलेली बॅच तुमच्याच रेसिपीची होती, काका," तो म्हणाला. हसायचा प्रयत्न करत होता. "थोडी जास्तच साखर म्हणालात, मी फारच मनावर घेतलं."

मी कागद पुढे ओढून सही केली.

"एक काम कराल? माझ्या मॅनेजरला फोन कराल? 'नो चार्ज' म्हटलं की त्यांना वाटतं पुरावा मिळाला नसेल. तुम्ही पोलीस आहात. तुम्ही मला ओळखता, एवढंच सांगा. बस. बाकी काही नको."

"बघतो," मी म्हणालो.

मराठी माणूस 'बघतो' म्हणतो तेव्हा काय होतं, ते त्यालाही ठाऊक होतं. तरी तो "थँक यू, काका" म्हणाला.

तो फोन मी केला नाही. केला असता तर कसं ओळखता, कधीपासून ओळखता, टेपवर का नाही सांगितलं, हे सगळं आलं असतं. मी ठरवून नाही म्हटलं नाही. आज करू, उद्या करू, असं चाललं आणि मग करण्यात अर्थ उरला नाही. कंपनीने त्याला परत पाठवलं. हे मला त्या शेजारी गृहस्थांकडून कळलं. घरावर 'टू लेट'ची पाटी लागल्यावर ते स्टेशनवर आले होते. "माझ्या फोनमुळे गेले का हो ते?" त्यांनी मला विचारलं. "जाताना त्याच्या बायकोने मला खायला आणून दिलं. तिला माहीत नव्हतं."

"तुम्ही तुमचं कर्तव्य केलंत," मी म्हणालो. त्यांना जे सांगता आलं ते मला स्वतःला कधीच सांगता आलं नाही.

इन्स्पेक्टरची जागा मला मिळाली. क्लबात मी परत गेलो नाही, बिअरही पुन्हा केली नाही. पुढे कितीतरी लोकांच्या चौकशा केल्या, आणि कुणी गप्प बसलं की मी आधी हा विचार करायला शिकलो, की हा कुणाला वाचवतोय. त्याचा काही निरपराध माणसांना फायदाही झाला. कोकमला झाला नाही. तरुण सहकाऱ्यांना मी सांगायचो की ओळखीचा माणूस समोर आला तर तिथल्या तिथे तोंड उघडा. माझ्याकडे बघून त्यांना वाटायचं, साहेब नियमांचे पक्के आहेत.

त्याला शोधणं अवघड नव्हतं. माणसं शोधणं हेच माझं काम होतं. मी शोधलं नाही, कारण सापडला असता तर बोलावं लागलं असतं.

रेसिपी, विरजण यांची देवाणघेवाण त्याने कधीच मोजली नाही. मी मात्र त्याला एक वाक्य देणं लागतो. ते इन्स्पेक्टरांसमोर, टेपवर आणि त्याच्या मॅनेजरला मी म्हणायला हवं होतं, आणि अजून कुठेही म्हटलेलं नाही: मी या माणसाला ओळखतो.