इखलासची दुसरी मुलाखत

कासारवाडी स्टेशनच्या पलीकडच्या गल्लीत, केसरबाईंच्या घरातल्या वरच्या खोलीत इखलास राहते. ती मूळची सुदानची, खार्टूम शहरातली. भाजीवाल्याशी मराठीत घासाघीस करते, सकाळी जिना उतरताना केसरबाईंना "जय भीम, मावशी" म्हणते. गल्लीला आता त्याचं काही वाटत नाही.

पहिल्यांदा ती इथं आली ती पिंपरीच्या कॉलेजात फार्मसी शिकायला, आणि तेव्हाही याच खोलीत राहिली. पदवी घेऊन मायदेशी परतली आणि एका औषधाच्या दुकानात लागली. पुढे तिथं लष्करानं सत्ता घेतली, तरुण पोरं रस्त्यावर उतरली. गोळ्या लागलेली, डोकी फुटलेली पोरं दुकानाच्या मागच्या दारानं येत आणि इखलास त्यांना मलमपट्टी करी. ही बातमी फुटली. आधी घराची झडती झाली, मग तिला उचलून नेलं. काही दिवसांनी सोडलं, तेव्हा भावानं तिला देशाबाहेर काढलं.

युरोपातल्या एका देशात तिनं आश्रय मागितला. मुलाखतीत समोरचा अधिकारी पुरुष, दुभाषी पण पुरुष आणि तिच्या वडिलांच्या वयाचा. झडतीचं तिनं सगळं सांगितलं. कोठडीचा विषय निघाला तशी तिची जीभ रेटेना. "तिथं काही झालं नाही," एवढंच ती बोलली. निर्णय आला, की हिला स्वतःला धोका असल्याचं दिसत नाही, हिनं मायदेशी परत जावं. अपील केलं, तेही फेटाळलं गेलं.

परत जाणं तर शक्यच नव्हतं. तिनं पिंपरीतल्या आपल्या जुन्या कॉलेजात पुढच्या शिक्षणासाठी अर्ज केला. प्रवेश मिळाला, विद्यार्थी व्हिसा मिळाला आणि ती पुन्हा केसरबाईंच्या दारात उभी राहिली. केसरबाईंनी काही विचारलं नाही. "वाळलीस गं किती," म्हणाल्या आणि ताट वाढलं.

थोड्याच दिवसांत खार्टूममध्ये युद्ध पेटलं. आई आणि भाऊ कसेबसे इजिप्तला पोचले. इकडे शिक्षण पूर्ण झालं आणि व्हिसाची मुदत संपत आली. आता एकच वाट होती. दिल्लीत संयुक्त राष्ट्रांचं निर्वासितांसाठीचं कार्यालय आहे, तिथं जाऊन निर्वासित म्हणून मान्यता मागायची. तिनं नाव नोंदवलं. बऱ्याच प्रतीक्षेनंतर मुलाखतीचं बोलावणं आलं आणि इखलासचं जेवणच सुटलं.

तिच्या ओळखीतल्या एकानं सल्ला दिला होता, "आधीच्या नकाराचं तिथं बोलूच नकोस. एकदा नाकारलेल्या माणसावर कोण विश्वास ठेवणार?"

केसरबाई मेथी निवडत बसल्या होत्या. इखलासनं त्यांना ते सांगितलं.

"मग तुझं काय म्हणणं?" त्यांनी विचारलं.

"लपवलं तर खोटं होईल. आणि सांगितलं तर ते विचारतील, तिथं एक सांगितलं आणि इथं दुसरं का?"

"दुसरं म्हणजे?"

इखलास खाली मान घालून म्हणाली, "मावशी, कोठडीत खूप वाईट झालं होतं माझ्याबरोबर. तिथं बोलता नाही आलं. दोघेही पुरुष होते."

केसरबाईंचे हात थांबले. त्यांनी तिला जवळ ओढलं.

"एखादी बाई नव्हती का तिथं?" मग त्यांनी विचारलं.

"मागता येते हे मला माहीत नव्हतं."

"आता माहीत झालं ना? मग माग. तिकडं नाही म्हटले म्हणून तू खोटी होत नाहीस. बाईमाणूस समोर बसू दे आणि जसं झालं तसं सांग. मी येते तुझ्यासोबत."

इखलासनं दुसऱ्याच दिवशी दिल्लीला कळवलं, अधिकारी आणि दुभाषी दोघीही बायका असाव्यात. त्यांनी लगेच होकार दिला. केसरबाईंचा मुलगा बुद्धरत्न चाकणच्या कंपनीत कामाला आहे. त्यानं शिफ्ट बदलून घेऊन दोघींना दिल्लीच्या गाडीत बसवून दिलं.

केसरबाई बाहेरच्या बाकावर बसून होत्या. आत इखलासनं आधी युरोपातल्या नकाराचं सांगितलं, मग त्या वेळी काय बोलली नव्हती ते सांगितलं. दुभाषी बाई सुदानचीच होती. मध्येच इखलासला रडू कोसळलं, तेव्हा अधिकारी बाईंनी पेन खाली ठेवलं आणि तिला हवा तेवढा वेळ दिला. बाहेर आली तेव्हा तिचे डोळे सुजले होते.

"सांगितलंस?"

"सगळं."

"मग चल, काहीतरी खाऊन घे."

आणि खरोखर, कितीतरी दिवसांनी ती पोटभर जेवली.

निकाल पावसाळा सरल्यावर आला. इखलास इथल्या सुदानी आणि येमेनी विद्यार्थ्यांसाठी जेवण बनवते. त्यांच्याकडचं कालवण म्हणजे भांडंभर कांदा परतल्याशिवाय सुरूच होत नाही, म्हणून त्या दिवशी दोघी चाकणच्या बाजारात गेल्या होत्या. ट्रकांचे हॉर्न, हमालांचा ओरडा, आणि त्यातच फोन वाजला. ऐकू येईना म्हणून ती पोत्यांच्या थप्पीमागे जाऊन उभी राहिली. केसरबाई लांबून तिचा चेहरा वाचत होत्या.

ती परत आली ती पळतच. "मावशी, मान्य केलं! त्यांनी मला खरं मानलं!"

केसरबाईंनी भर बाजारात तिच्या चेहऱ्यावरून हात फिरवून बोटं कडाकडा मोडली.

मान्यतेबरोबर मिळणाऱ्या निर्वासित कार्डानं सगळं सुटत नाही, हे इखलासला ठाऊक आहे. इथं रीतसर नोकरी धरणं अजून अवघडच आहे, आणि कार्डाची मुदतही वेळोवेळी वाढवून घ्यावी लागणार. पण निर्वासित म्हणून तिला आता एक ओळख मिळाली आहे, आणि पाठीशी एक कार्यालय उभं आहे. तिनं बाजारातूनच कैरोला आईला फोन लावला. पलीकडे आई रडत होती, इकडे इखलास हसत होती, आणि अरबीचं अक्षर कळत नसताना केसरबाई मध्येच फोनमध्ये तोंड घालून मराठीत ओरडत होत्या, "ताई, काळजी करू नका, पोरगी आमच्याकडं आहे!"

परतीच्या बसमध्ये कंडक्टर कांद्याच्या पोत्याचं वेगळं तिकीट मागू लागला. केसरबाई भांडायला उठणार, तेवढ्यात इखलासच पुढे झाली.

"अहो दादा," ती म्हणाली, "पोतं माझ्या मांडीवर घेते. मग तर चालेल?"