आत्याचा बंब आणि धुराची मिनिटे

९ डिसेंबर १९७८, सकाळी सहा वाजून दहा मिनिटे. पुण्यातल्या माझ्या वसतिगृहाच्या कचेरीत फोन आला. चिंचवडहून, डॉक्टरांच्या घरून, सरलाबाई बोलत होत्या. आत्याच्या बिऱ्हाडाच्या बरोबर वर त्यांचे बिऱ्हाड. “अगं, आज बंब पेटला नाही गं...” एवढेच म्हणून त्या रडू लागल्या. पुढचे मला विचारावे लागले नाही.

आत्याला मूलबाळ नव्हते, यजमान कधीच गेलेले. दोन खोल्या, शिवणयंत्र आणि मोरीशेजारी पाणी तापवायचा तांब्याचा बंब, एवढा तिचा संसार. पहाटे ती बंब पेटवी आणि पहिल्या शिफ्टला जाणारे सगळे भाडेकरू बादल्या घेऊन तिच्या दारात रांग लावीत. पाण्याबरोबर उपदेशही घ्यावा लागे. “पुन्हा ओव्हरटाइम? डोळे बघ आरशात. आज बायकोला सिनेमाला ने!” ती रांग होती म्हणून आत्या एकटी नव्हती. धूर मात्र सरळ वर, सरलाबाईंच्या वाळत घातलेल्या कपड्यांत जाई. तीन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात त्यांचे पांढरे पातळ करडे झाले, आणि गावठाणातले जुने शेतकरी असलेले आमचे घरमालक नाना दारात येऊन उभे राहिले.

“आत्याबाई, पंधरा दिस देतो. धूर थांबला न्हाई तर बंब भाईर.”

“आणि तुमची बादली?”

“ती पंधरा दिस चालू द्या की!”

मी तेव्हा रसायनशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला होते, आत्याकडेच राहत होते. हे प्रकरण मी संशोधन म्हणून हाती घेतले. वहीतली पहिली नोंद : दिसणारा धूर, सव्वीस मिनिटे. बाहेरून बंब चिंचेने इतका लखलखीत घासलेला, की त्यात पाहून भांग पाडावा. मधल्या जळणाच्या नळीत मात्र बोटभर काजळी. “आतलं कोण बघायला येतंय?” आत्या म्हणाली. भांडी घासायला उत्तम म्हणून राख तिने जाळीखालीच साठवलेली. तेथून हवा आत शिरणार कशी? पण मुख्य कारण मला आठव्या दिवशी सापडले. जळण म्हणजे कंपनीतल्या खोक्यांच्या फळ्या. त्यांना कुणाकुणाचे पाय लागले असतील, म्हणून आत्या त्या रोज संध्याकाळी स्वच्छ धुई आणि पहाटे तशाच ओल्या बंबात घाली! ओल्या लाकडातले पाणी उडून जाण्यात किती उष्णता खर्च होते, हे मी आकृती काढून समजावले. तिने शांतपणे ऐकून घेतले.

“म्हणजे आधी लाकडांची अंघोळ, मग माणसांची?”

“होय.”

“मग लाकडं पुसायला हवीत.”

धुणे सोडायला ती तयार नव्हती. अखेर तह झाला : फळ्या धुवायच्या, पण गच्चीत कडकडीत वाळेपर्यंत थांबायचे. दरम्यान शेजारच्या सुताराकडून आणलेल्या कोरड्या ढलप्यांवर भागवायचे, त्याही तिने ओल्या फडक्याने पुसल्याच... नळी खरवडली, राख डब्यात गेली, जळण थोडे थोडे पडू लागले. पंधराव्या पहाटे नाना घड्याळ घेऊन हजर. धूर चार मिनिटांत थांबला. “पेटलाय का इझलाय?” म्हणत त्यांनी खात्रीसाठी बादलीत हात घातला आणि जी आरोळी ठोकली, तिने बंबाच्या बाजूने निकाल लागला. “जिंकलीस गं,” आत्या मला म्हणाली, आणि रांगेकडे वळून, “चला, पुढे कोण?”

ती गेल्यावर तीन आठवड्यांनी खोल्या रिकाम्या करायला गेले. बंबाचे काय करावे, हे ठरत नव्हते... पहाटे जाग आली ती ठसक्याने. सरलाबाई बंबापुढे बसल्या होत्या. आत्याने शेजारी ठेवलेल्या किल्लीने दार उघडून त्या रोज येत होत्या म्हणे. नळी फळ्यांनी काठोकाठ भरलेली, खालची राख तशीच. दारात रांग होती. सगळे खोकत होते आणि बादल्या पुढे सरकवीत होते. नाना डोळे पुशीत म्हणाले, “बेस पेटलाय.” वर सरलाबाईंची स्वतःची पातळे वाळत होती.

चूक सांगायला मी उठले, पण हात वहीकडे गेला. बंब हलवायचा नाही, हे तेवढ्यात ठरून गेले. वही उघडली, घड्याळ पाहत राहिले आणि शेवटी लिहिले : दिसणारा धूर, एकतीस मिनिटे.