मध्यंतराला उठणारा

त्याला सगळे बत्तिशी म्हणत. त्यात त्याच्या स्वतःच्या दातांचा काही वाटा नव्हता. त्याचे पुढचे दोन केव्हाच गेले होते आणि ते बसवायला त्याला सवड झाली नव्हती. तो कवळ्या बनवायचा. दातांच्या डॉक्टरच्या दवाखान्यामागे एक अरुंद खोली होती, खोलीला एक खिडकी, खिडकीखाली टेबल, आणि टेबलावर प्लॅस्टरचे जबडे ओळीने आ वासून बसलेले. पुढे डॉक्टर माणसांची तोंडं उघडायचा आणि मागे बत्तिशी, कधीही न पाहिलेल्या माणसांचं हसू चाकावर घासून गुळगुळीत करायचा. दिवसभर समोर इतकी तोंडं, पण त्यातलं एक बोलेल तर शपथ.

बोलणं व्हायचं ते शनिवारी संध्याकाळी, शिंप्याच्या दुकानात. गिऱ्हाइकं गेली की शिंपी कापडं आवरायचा, तीन स्टुलं आणि एक मोडकी खुर्ची मांडायचा, आणि शुक्रवारी लागलेल्या नव्या सिनेमाची चिरफाड सुरू व्हायची. चौघंच जण. शिंपी, जो नायकाच्या कोटाची बाही चुकली असेल तर अख्खा सिनेमा बाद करायचा. भूगोल शिकवून निवृत्त झालेले मास्तर, ज्यांना प्रत्येक सिनेमात नदी उलटी वाहताना दिसायची. औषधवाला, वयाने सगळ्यांत लहान आणि दर सिनेमाच्या नायिकेवर नव्याने जीव टाकणारा. आणि बत्तिशी. बत्तिशी कायम विरुद्ध पक्षाचा. तिघांनी चांगलं म्हटलं की हा वाईट म्हणणार, तिघांनी नाकं मुरडली की हा त्या सिनेमाचा सख्खा मामा होणार.

"इतका गरीब माणूस, आणि दात एवढे पांढरे?" हे त्याचं ठेवणीतलं शस्त्र. "मला त्याची गरिबी पटेचना."

"तू पडद्यावर दात मोजायला जातोस का?" औषधवाला चिडायचा. "ती रडत होती तेव्हा तिचे डोळे बघ की जरा."

"बघितले ना. रडताना वरची दाढ दिसली, किडलेली आहे. तू तिच्याशी लग्न केलंस तर ये, सवलतीत करून देईन."

असं ते चालायचं. घरी गेल्यावरही बत्तिशीच्या डोक्यात उत्तरं-प्रत्युत्तरं घोळत राहायची, आणि आठवडा त्यावर निघायचा. कारण उरलेल्या सहा दिवसांत 'तुला काय वाटतं' असं त्याला विचारणारं कुणी नव्हतं.

या बैठकीचे दोन नियम होते. पहिला, सिनेमा एकत्र बघायचा नाही. एकाच खेळाला गेलात तरी लांब लांब बसायचं आणि ओळखही द्यायची नाही, कारण शेजारच्याचा हुंकार ऐकला की आपलं मत उष्टं होतं. दुसरा, शनिवारी येणाऱ्याने उंबऱ्यात उभं राहूनच आपला निकाल सांगायचा, दुसऱ्या कुणाचं ऐकायच्या आत, आणि मगच बसायचं. त्यातच हेही आलं, की अर्धवट पाहून बोलणाऱ्याला बैठक बंद. दोन्ही नियम बत्तिशीनेच काढलेले, आणि मास्तर ते शाळेच्या घंटेसारखे पाळायचे.

आता आतली गोष्ट सांगायची तर पहिला नियम मताच्या सोवळ्यासाठी नव्हताच. तेव्हा बत्तिशीची बायको होती. तिच्याबरोबर सिनेमाला जायचं आणि हे तीन वानर मागे नकोत, एवढाच त्यातला कावा. तिघांपैकी एकाच्याही तो लक्षात आला नाही. शिंप्याच्या बायकोच्या मात्र पहिल्याच दिवशी लक्षात आला, पण ती हसून गप्प बसली.

बायको त्याच्या डाव्या हाताला बसायची. मध्यंतराचे दिवे लागले की ती विचारायची, "अहो, आता पुढे काय होणार?" आणि हा सगळा उत्तरार्ध तिला रचून सांगायचा, कोण मरेल, कोण परत येईल, कुणाचं पितळ उघडं पडेल. पुन्हा अंधार झाला आणि सिनेमा याच्या सांगण्याबाहेर गेला की तिचं कोपर हळूच याच्या बरगडीत बसायचं. चुकलात.

ती गेली. त्याला आता इतका काळ झाला होता की लोकांनी विचारायचंही सोडलं होतं. पहिल्यांदा एकटा गेला तेव्हा मध्यंतराला दिवे लागले, सगळं थिएटर शेजारच्याकडे वळलं, आणि सवयीने बत्तिशीही डावीकडे वळला. तिथे एक अनोळखी गृहस्थ मका खात बसले होते. "काय हो?" त्यांनी विचारलं. "काही नाही," म्हणून बत्तिशी उठला तो थेट घरी गेला. तेव्हापासून दर वेळी तसंच. पूर्वार्ध पाहायचा, दिवे लागायच्या बेतात उठायचं, आणि शनिवारी उंबऱ्यात सांगायचं, "पूर्वार्ध ठीक. उत्तरार्ध लांबलाय." हे वाक्य म्हणजे सगळ्या रोगांवरचं एकच चूर्ण. कुठल्याही सिनेमाला लागू पडतं. पुढे वाद पेटला की तो दुसऱ्यांच्याच बोलण्यातून शेवट उचलायचा आणि त्याच्यावर तुटून पडायचा. कुणाला कधी शंका आली नाही.

मग तो नावाड्यांचा सिनेमा लागला. दोन भाऊ, एक होडी. थोरला एके दिवशी नाहीसा होतो, बायको वाट बघत राहते, आणि धाकटा शोधत शोधत एका परक्या गावात येतो. तिथे बाजारात त्याला एका माणसाच्या पायात भावाचे बूट दिसतात. इथे मध्यंतर. बत्तिशी त्याआधीच उठून दाराशी पोचला होता. बूट त्याने दारातूनच पाहिले.

शनिवारी एका आजोबांची कवळी हिरडीला बोचत होती, ती घासून देण्यात त्याला उशीर झाला. तो दुकानापाशी आला तेव्हा तिघं आधीच बसलेले होते, आणि चमत्कारिक शांत होते.

"निकाल," मास्तर म्हणाले.

"पूर्वार्ध ठीक," बत्तिशी उंबऱ्यातून म्हणाला. "उत्तरार्ध लांबलाय."

औषधवाल्याने शिंप्याकडे पाहिलं. शिंप्याने सुई तशीच दातांत धरली.

"लांबलाय?" मास्तरांनी चष्मा काढून पुसला. "नेमका कुठे लांबला, जरा विस्ताराने सांग."

खरं तर चोराच्या मनात चांदणं पडायला हवं होतं. पण कुणी विस्ताराने सांग म्हणालं की माणसाचं भान सुटतं, आणि बत्तिशीला तसं म्हणणारं फार दिवसांत कुणी भेटलं नव्हतं. तो स्टुलावर टेकला.

"आता बघा, तो बूटवाला. तो चोर नाहीच. थोरल्याने त्याला बूट आपणहून दिलेत. थोरला त्याच गावात आहे, दुसऱ्यांच्या होड्यांना डांबर फासतो. धाकटा समोर जाऊन उभा राहतो तर हा मान वर करत नाही. म्हणतो, होडी दुरुस्तीला आणलीत का? इथे फार वेळ घेतलाय. नुसतं डांबर, डांबर. मग धाकटा काही न बोलता त्याच्या शेजारी बसून डांबर फासायला लागतो. दोघं अख्खी होडी रंगवतात."

"मग?" शिंप्याने सुई तोंडातून काढली.

"मग काय, दोघं परत येतात. रात्र झालेली. थोरला दार वाजवतो. बायको आतूनच विचारते, कोण? हा नाव सांगत नाही, नुसता खोकतो. खोकला तिने ओळखलाय, आपल्याला कळतं, कारण आतल्या भांड्यांचा आवाज थांबतो. पण ती दार उघडत नाही. म्हणते, जेवण ओट्यावर ठेवते, जेवा आणि जा."

शिंप्याची बायको चहाचा ट्रे घेऊन जिन्याच्या शेवटच्या पायरीवर थांबली होती. कुणी तिच्याकडे पाहिलं नाही.

"आणि मग?" मास्तर पुढे झुकले. आपण हे कशासाठी विचारायला लागलो होतो ते ते विसरलेच होते. "दार उघडलं का तिने?"

औषधवाल्याला मात्र राहवेना. तो मांडीवर थाप मारून हसायला लागला. "मास्तर, तुम्ही पण? अहो, उघडेल कसं? मध्यंतरानंतर यंत्र बिघडलं ना. पडद्यावर आडव्या रेघा, मग नुसता आवाज, मग तोही बंद. मॅनेजरने माफी मागितली, सगळ्यांना मंगळवारचे पास वाटले. काल उत्तरार्ध या गावात कुणीच पाहिला नाही, बत्तिशी. तू कुठे पाहिलास?"

हसतील त्यांचे दात दिसतील, म्हणतात. बत्तिशीने आयुष्यभर दात पाहिले होते. त्या क्षणी त्याला कुणाचेच पाहवेनात.

"पोट बिघडलं होतं," तो म्हणाला. "उठावं लागलं."

"आणि गेल्या वेळी? आणि त्याच्या आधी?" औषधवाला आता रंगात आला होता. "तुझ्या पोटाला प्रत्येक उत्तरार्ध बाधतो की काय? माझ्याकडे गोळी आहे बघ."

"नियम आहे," मास्तर म्हणाले, पण त्यांच्या आवाजात नेहमीची घंटा नव्हती. "याचाच नियम आहे. अर्धवट पाहून बोलणाऱ्याला बैठक बंद."

"पुरे आता," शिंप्याची बायको म्हणाली. तिने ट्रे कापडांच्या गठ्ठ्यावर ठेवला. "भावोजी मध्यंतराला का उठतात ते तुम्हाला नाही कळायचं. मी मागच्या रांगेतून पाहिलंय. ती विचारायची आणि हे सांगायचे. असंच, आत्ता सांगितलं तसं. मी सिनेमा सोडून यांच्याकडे कान लावून बसायचे."

औषधवाल्याने कपबशी उचलली आणि तिच्यातच बघत राहिला.

"तसं काही नाही, वहिनी," बत्तिशी म्हणाला आणि चहा न घेता निघाला.

मंगळवारी तो गेला. बैठकीत परत बसायचं तर अख्खा सिनेमा पाहायलाच हवा, एवढं साधं गणित. पुन्हा होडी, पुन्हा बूट. दिवे लागले तेव्हा त्याने खुर्चीचे दोन्ही हात धरून ठेवले. मास्तर पलीकडे मान ताठ करून पडद्याकडे बघत होते, पडदा कोरा असूनही. औषधवाला पुढच्या रांगेत होता. शिंपी आणि त्याची बायको एकमेकांकडे वळून काहीतरी बोलत होते. तिची नजर याच्यावर पडली, हात थोडा वर आला, मग नियम आठवून खाली गेला. डावीकडच्या खुर्चीवर कुणाचा तरी कोट घडी करून ठेवलेला होता. आजूबाजूला सगळे बोलत होते. एवढी बडबड दिवे असताना असते हे तो विसरला होता. तरी तो उठला नाही.

उत्तरार्ध निराळाच निघाला. थोरला कधीच बुडून मेलेला होता, बूटवाला खुनी होता, शेवटी मारामारी झाली आणि होडी पेटली. बायको तर फारशी दिसलीच नाही. एकूण एक गोष्ट चुकली होती. बत्तिशी बरगडी आखडून शेवटपर्यंत बसून राहिला, आणि बरगडीला काहीही लागलं नाही.

तरी शनिवारी तो उत्साहाने निघाला. सगळा सिनेमा पाहिलाय, आता बघतोच एकेकाला. वाटेत त्याने तिघांसाठी तीन हल्ले तयार केले.

"निकाल," मास्तर म्हणाले. हळूच म्हणाले.

"टाकाऊ," बत्तिशी म्हणाला. "आणि ती नायिका म्हणजे सिनेमातला सगळ्यांत मोठा खड्डा."

त्याने औषधवाल्याकडे पाहिलं. औषधवाला मान डोलावत होता. "हो, तसंही म्हणता येईल."

"कोट मात्र झकास होता हां थोरल्याचा," बत्तिशी शिंप्याकडे वळला. तो कोट खांद्यात एवढा ढगळ होता की आंधळ्यालाही दिसावा.

"बरा होता," शिंपी म्हणाला. "ये, खुर्चीवर बस. स्टुलावर पाठ दुखते."

"मास्तर, नदी अगदी बरोबर वाहत होती, नाही?"

"तू म्हणतोस तर तसंही असेल," मास्तर म्हणाले, आणि खाऱ्या दाण्यांची बशी त्याच्याकडे सरकवली.

बत्तिशी खुर्चीवर बसला. ती मोडकी नव्हती. कुणीतरी तिचा पाय बसवून घेतला होता. चहा आला. औषधवाल्याने त्याच्या झोपेची चौकशी केली. मास्तर म्हणाले, तुझ्याच उत्तरार्धाचा सिनेमा काढायला हवा होता, आणि बाकीच्या दोघांनी लगेच हो म्हटलं. नंतर बोलायला काही उरेना. तिघंही त्याच्याकडे असे बघत होते, जसं डॉक्टरच्या बाकावर सुजलेला गाल घेऊन बसलेल्या माणसाकडे इतर बघतात.

शेवटी तो म्हणाला, "खरं सांगू? मंगळवारी मी उत्तरार्धात झोपलो होतो. काहीच पाहिलं नाही." हे धादांत खोटं होतं. तो उत्तराची वाट बघत राहिला.

"होतं असं, वयोमानाप्रमाणे," मास्तर म्हणाले. नियमाचं नावही त्यांनी काढलं नाही.

बैठक लवकर मोडली. बाहेर अजून उजेड होता. शिंपी, जो आजवर कुणाला पोचवायला उंबऱ्याबाहेर आला नव्हता, कोपऱ्यापर्यंत बत्तिशीच्या बरोबरीने चालत आला.

"पुढच्या शनिवारी ये हं," तो म्हणाला. "नक्की ये. वाद नाही, काही नाही. नुसता येऊन बस."

"बघतो," बत्तिशी म्हणाला, आणि शिंपी वळून दुकानात शिरेपर्यंत तिथेच उभा राहिला, म्हणजे आपण कुठल्या बाजूला जातोय हे त्याला दिसू नये. घरी जायला अजून फार लवकर होतं.